चिमणीवरील अँटेनाचे शिल्पकार यांस

आदरणीय माजी मालक महोदय,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण विकलेल्या घरात आम्ही राहायला आलो आणि छपरावरची आपली सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड रेडिओची, अँटेना आम्हाला घराबरोबर फुकट मिळाली. खरेदीखतात तिचा उल्लेख नव्हता. एवढं मोठं गुप्तदान करणारा माणूस आजकाल विरळाच. पत्र मराठीत आहे आणि आपल्याला मराठी येत नाही, याची कल्पना आहे. पण एखाद्याचं मनापासून कौतुक करायचं म्हटलं की मला इंग्रजी पुरत नाही. शिवाय अमेरिकेत जुनं घर घेणाऱ्या चार मराठी माणसांनी हे वाचलं, तर ते वर मान करून आपापलं छप्पर तरी बघतील.

इंडियानात टेरे होटच्या परिसरात, इंटरस्टेट ७० च्या कडेला राहायचं आणि सीबीवरचा ट्रकवाल्यांचा चॅनल १९ ऐकायचा नाही, म्हणजे पंढरपुरात राहून चंद्रभागेकडे पाठ करणं. पुढे वजनकाटा उघडा आहे, अमक्या मैलाला अपघात झालाय, डावी लेन सोडा, असं ट्रकवाल्यांचं अखंड चाललेलं असतं. मधूनच एखादा पंजाबी ट्रकवाला दुसऱ्याला ढाबा विचारतो. हे सगळं घरबसल्या ऐकावं म्हणून रेडिओ आणला आणि आपली तयार अँटेना जोडली. रेडिओतून खरखर आली. हायवेवरचे ट्रक खिडकीतून दिसत होते, पण ऐकू येत नव्हते. ही किमया साधायला माणूस सिद्धहस्त लागतो.

माळ्यावर आपलं अँटेनाचं १९७६ चं बिल सापडलं. ते साल पाहून आपली सगळी ऊर्मी समजली. १९७३ ची तेलटंचाई, पाठोपाठ आलेली ताशी ५५ मैलांची मर्यादा, पोलीस कुठे दबा धरून बसलेत हे एकमेकांना सांगणारे ट्रकवाले, आणि त्यांचं बघून दिवाणखान्यात रेडिओ आणणारा अख्खा देश. चॅनल तेव्हा २३ होते. गर्दी एवढी झाली की १९७७ साली ते ४० करावे लागले. त्या लाटेत आपण सर्वांत लांब अँटेना घेतलीत. पाच-अष्टमांश तरंगलांबीची, बावीस-एक फुटी, अ‍ॅल्युमिनियमची. खोकंही माळ्यावर जपून ठेवलंय. त्यावर गेनचा आकडा एवढ्या मोठ्या टायपात आहे की अँटेनाचं नाव शोधावं लागतं.

हा गेन म्हणजे काय, हे त्या खोक्याने आपल्याला सांगितलं नसावं. अँटेना वीज तयार करत नाही. आभाळात आणि जमिनीत फुकट जाणारी शक्ती क्षितिजाकडे वळवते, इतकंच. सीबीची लहर साधारण अकरा मीटरची. तिच्या पाव लांबीचा साधा ग्राउंड प्लेन, म्हणजे एक उभी काडी आणि खाली चार आडव्या काड्या (रेडियल), घेतला असता तरी आपल्या राजेशाही काठीच्या तुलनेत फार तर दोन-तीन डेसिबल कमी पडले असते, तेही कागदावर. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचं एक घर सहा डेसिबलचं. म्हणजे दुप्पट पैसे मोजून आपण काटा अर्धं घर सरकवलात. उलट सपाट मुलखात अँटेना दुप्पट उंचीवर नेली, तर जवळच्या बोलण्यात जवळपास एक अख्खं घर मिळतं. इंडियानाइतका सपाट मुलूख देवाने दिलेला, कायदा जमिनीपासून ६० फुटांपर्यंत जाऊ देतो, आणि आपण काय केलंत? बैठ्या घराच्या चिमणीला दोन पट्टे आवळलेत. वाऱ्याने बावीस फुटी काठी डोलायची, तिच्याबरोबर चिमणीही. वरच्या तीन थरांतल्या विटा मी हातांनी उचलून खाली आणल्या. हातोडी लागली नाही, एवढी सोय आपण करून ठेवली होती.

पण आपलं अस्सल कर्तृत्व केबलमध्ये आहे. बिलावर सर्वांत स्वस्त ओळ तिचीच. पेन्सिलीएवढीही जाड नसलेली आरजी-५८, आणि तीही माळ्यावरून, तळघरातून फिरवून जवळजवळ शंभर फूट. नवीकोरी असताना ती एवढ्या लांबीत दोन-अडीच डेसिबल गिळते. कायद्याने मिळालेल्या चार वॉटपैकी वर पोचतात सव्वादोन-अडीच. जाड आरजी-२१३ घेतली असती तर तिनाच्या वर पोचले असते. म्हणजे अँटेनावर जे कमावलं ते केबलवर उधळलं, आणि हिशेब चोख बरोबरीत सुटला.

त्यात वरच्या टोकाचा कनेक्टर. त्यावर आपण विजेची काळी टेप गुंडाळली होती, एक पदरी, वरून खाली. ती उन्हाने वितळून पुन्हा कडक झाली होती. ती सोलली तर आतून थेंब पडले. केबलचं वरचं आवरण चिरलं तर आतली तांब्याची जाळी हिरवट काळी, बोटाला भुकटी लागणारी. जोडाखाली केबलला एक झोळ दिला असता तर पाणी तिथूनच गळून गेलं असतं. आपण केबल सरळ ताणून घरात आणल्यामुळे पाऊसही सरळ घरात आला.

आता गंमत ऐका. या अवस्थेतही अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा एसडब्ल्यूआर मीटर १.२, म्हणजे जवळपास आदर्श, दाखवत होता! आपण घराचा ताबा देताना अभिमानाने हेच सांगितलं होतं, आठवतं? सडलेली केबल जाणारी शक्तीही खाते आणि परत येणारीही, त्यामुळे मीटरपर्यंत परत काही पोचतच नाही आणि बिचाऱ्याला वाटतं सगळं आलबेल आहे. पन्नास ओहमचा नुसता रोधक जोडला तरी तो १ दाखवेल, आणि आवाज खोलीबाहेर जाणार नाही. आपण खरोखरच शंभर फूट लांबीचा रोधक बांधला होता, महोदय.

रेडिओ कमी पडतो म्हणून आपण त्यापुढे बेकायदा अ‍ॅम्प्लिफायर लावत होता, असं शेजारच्या आजी सांगतात. त्यांना आपला आवाज अजून पाठ आहे. टेरे होटचं टीव्ही स्टेशन तेव्हा दोन नंबरच्या चॅनलवर, म्हणजे ५४ मेगाहर्ट्झपासून वर. सीबी २७ वर. सत्तावीस दुणे चोपन्न. दुपारच्या मालिकेत नायिका रडायला लागली की तिच्या तोंडून आपण ट्रकवाल्यांशी बोलायचात. चांगली केबल घेतली असती तर त्या यंत्राची निम्मी गरज उरली नसती आणि आजींना मालिकेचा शेवट कळला असता.

इथवर मी हसत होतो. पुढच्या दोन गोष्टींवर हसू येत नाही.

अर्थिंगची तार आपण गॅसच्या पाइपला बांधली होती. पुन्हा वाचा: गॅसच्या. जमिनीत गज ठोकून तो घराच्या मुख्य अर्थिंगला जाड तांब्याने जोडायचा असतो, म्हणजे वादळात दोन्हींमध्ये व्होल्टेजचा फरक पडून ठिणगी घरातून उडत नाही. गॅसच्या पाइपला अर्थिंगचा इलेक्ट्रोड करायला इथल्या विजेच्या नियमांत साफ मनाई आहे.

दुसरं, रस्त्याकडेच्या खांबांवरची हाय टेन्शन लाइन. खांब आणि अँटेना मिळून जेवढी उंची, तिच्या निदान दीडपट, जमल्यास दुप्पट अंतर तारेपासून ठेवावं; पडली तरी मोकळ्या जागेत पडावी. आपली काठी आडवी झाली असती तर बरोब्बर तारेवर विसावली असती. सत्तरच्या दशकात अँटेना चढवताना आणि उतरवताना अशीच माणसं गेली. म्हणून तर १९८३ पासून तयार होणाऱ्या सर्वदिशी सीबी अँटेना १४,५०० व्होल्टच्या तारेला टेकल्या तरी धरणाऱ्याचा जीव जाऊ नये, असा नियम या देशाला करावा लागला. आपली १९७६ ची, उघड्या धातूची. ती उतरवायला मी आधी वीज कंपनीला बोलावलं. त्यांचा माणूस वर बघून बराच वेळ काही बोलला नाही.

आता परसात, तारेपासून लांब, जमिनीतच वेगळा खांब रोवला आहे. त्यावर अर्ध्या लहरीची फायबरग्लासची काठी. रेडियल नाहीत, दिमाख नाही. केबल जाड आणि आखूड. ट्रकवाले ऐकू येतात.

आपण सध्या फ्लोरिडात असता असं कळतं. उन्हाळ्यात आयनोस्फिअरचा ई थर अधूनमधून मेहरबान झाला की तिकडचे आवाज इथे शेजारी बसल्यासारखे येतात, आणि लांबच्या बोलण्यावरची जुनी बंदीही २०१७ साली उठली आहे. आपण हाक दिलीत तर मी जरूर ओ देईन. फक्त आधी एवढं सांगा, तिथल्या घरी अर्थिंगची तार कशाला बांधलीत?

कळावे, लोभ असावा.

आपला,
सध्याचा मालक