ताप आणि पिनकोड

मी मिरजेची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं दुःख तिथूनच उगवलं आहे. मिरजेला बाहेरगावची माणसं दोन कामांसाठी येतात. सतार घ्यायला, नाहीतर दुखणं दाखवायला. १८९४ साली वानलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरने तिथे इस्पितळ उघडलं, आणि तेव्हापासून गावाने अंगावर घेतलेली डॉक्टरकी आजतागायत उतरलेली नाही. आमच्या गल्लीत किराणा दुकानं दोन आणि दवाखाने पाच. अशा गावच्या मुलीला जगात कुठेही डॉक्टर मिळेल, हे घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही नेदरलँड्सला, ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या ॲम्स्टलव्हेन गावी निघालो, तेव्हा आईने दुधाची चौकशी केली, कुकरच्या शिट्टीची केली, देव्हारा कुठल्या भिंतीला लावणार याची केली. डॉक्टरची केली नाही.

ॲम्स्टलव्हेनमध्ये भारतीय इतके आहेत की कढीपत्ता, हिंग, इडलीचं पीठ, भाद्रपदात गणपती, सगळं मिळतं. फक्त आजारी पडायची सोय करावी लागते.

इथे प्रत्येक माणसाला एक हाउसआर्ट्स लागतो. म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर. पण आपल्याकडे फॅमिली डॉक्टर हा सल्ला असतो. कान दुखला तर आपण त्याला टाळून सरळ कानाच्या डॉक्टरकडे जाऊ शकतो, आणि मिरजेत तर कानाच्या डॉक्टरकडे जाता जाता डोळ्यांचाही उरकून येतो. इथे हाउसआर्ट्सची चिठ्ठी असल्याशिवाय स्पेशालिस्ट तुम्हाला उभंही करत नाही. आरोग्य विमा सक्तीचा, येऊन चार महिन्यांच्या आत घ्यायचा, हप्ता मुकाट भरायचा. वर्षाचे पहिले ३८५ युरो उपचार आपल्या खिशातून. मात्र हाउसआर्ट्सला दाखवायचे पैसे त्यात धरत नाहीत. तो फुकट. सरकारने एवढा उदारपणा कसा दाखवला याचं मला फार कौतुक वाटलं होतं. मग शोधायला लागले आणि कारण कळलं. मिळत नसलेली वस्तू फुकट ठेवायला काय जातं!

तर नवऱ्याला ताप आला. इथला थर्मामीटर सेल्सियसमध्ये बोलतो. ३७.९ हा आकडा वाचून नवरा आणखीच खचला. आयुष्यभर शंभराच्या पुढच्या तापावर वाढलेल्या माणसाला सदतीस म्हणजे अपमान वाटतो. त्याने कण्हत कण्हत मोबाइलवर हिशोब केला, १००.२ निघाले, तेव्हा कुठे त्याच्या दुखण्याला इभ्रत आली. मी फोन हातात घेतला आणि डॉक्टर शोधायला बसले.

पहिल्या दवाखान्यातल्या बाईंनी नाव विचारलं नाही, काय होतंय ते विचारलं नाही. पिनकोड विचारला. इथला पिनकोड चार आकडे आणि दोन अक्षरांचा असतो, त्यावरून रस्त्याचा तुकडासुद्धा कळतो. मी सांगितला. बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या, तुम्ही आमच्या भागात येत नाही. हा दवाखाना आमच्या बाल्कनीतून दिसतो. मी फोनवर बोलत असताना त्यांच्या दारातली सायकल मला दिसत होती. पण मधे कालवा आहे आणि कालव्यापलीकडचा पिनकोड वेगळा. यामागचा विचार तसा शहाणपणाचा आहे: वेळ पडली तर डॉक्टरला पंधरा मिनिटांत पेशंटच्या घरी पोहोचता यायला हवं. आम्ही हाक मारली असती तर ऐकू गेली असती, पण हाकेला पिनकोड नसतो.

ज्यांचा पिनकोड जुळला त्यांच्याकडे जागा नव्हती. इथे एका डॉक्टरमागे साधारण दोन हजार पेशंट धरलेले असतात, आणि यादी भरली की दवाखाना नवीन पेशंट घेणं बंद करतो, तशी पाटीही लावतो. डॉक्टरने गिऱ्हाईक नको म्हणणं हे मिरजेच्या माणसाला पचत नाही. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे पंचवीस माणसं बाकावर आणि पंधरा पायऱ्यांवर असायची, तरी कंपाउंडर एक्केचाळिसाव्याला म्हणायचा, "बसा हो, आत्ता होतंय." कुठे होतंय? पण बसायला सांगितलं यातच अर्धा आजार उतरायचा.

एव्हाना नवऱ्याचा ताप उतरला होता. तो ऑफिसला जायला लागला आणि मी मात्र डॉक्टर शोधतच होते, कारण आता हा इभ्रतीचा प्रश्न झाला होता. शेवटी कुणीतरी सांगितलं की डॉक्टर मिळत नसेल तर विमा कंपनीला मदत मागता येते, त्यांच्याकडे त्यासाठी माणसं नेमलेली असतात. हे खरं निघालं. एका दवाखान्यात नवीन डॉक्टर रुजू झाली होती, यादीत जागा होती, पिनकोड जुळत होता. मात्र आधी ओळखीसाठी भेटायला या, असा निरोप आला.

ही भेट म्हणजे कांदेपोहे नसलेला बघण्याचा कार्यक्रम. डॉक्टरीणबाई स्वतः बाहेरच्या खोलीत आल्या, हात पुढे केला, आपलं पहिलं नाव सांगितलं. अंगात पांढरा कोट नाही, गळ्यात स्टेथोस्कोप नाही, पायात कॅनव्हासचे बूट. मग आत बसवून चौकशी सुरू. वडिलांना मधुमेह? आईला रक्तदाब? घराण्यात कुणाला हृदयविकार? मुलगा सिगरेट ओढतो का, दारू किती? (मुलगा म्हणजे आमचे हे, वय बेचाळीस.) व्यायाम करता का? नवऱ्याने "हो" म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. आम्ही पसंत पडलो. घरी येऊन मी मिरजेला फोन केला आणि आईला म्हटलं, "डॉक्टर ठरली."

ठरली, पण नांदणं सोपं नव्हतं. आपल्याकडे दुखणं सांगायची एक रीत आहे. एकदम मुद्द्यावर येणं बरं दिसत नाही. आधी म्हणायचं, "तसं विशेष काही नाही." मग भाचीच्या लग्नात रात्री उशिरा जेवण झालं तिथून सुरुवात करायची, वाटेत घर बदललं, पाणी बदललं, हे सांगायचं, आणि उठता उठता, दाराच्या कडीला हात लावून म्हणायचं, "आणि हो, छातीत जरा दुखतं मधेमधे." आपले डॉक्टर खरे त्या वाक्याचीच वाट बघत असतात. इथे वेळ दहा मिनिटांची असते आणि एका वेळेत एकच तक्रार. दोन असतील तर आधी सांगून दुप्पट वेळ मागायची. मी पहिल्यांदा गेले आणि रीतीप्रमाणे म्हटलं, "तसं विशेष काही नाही." बाईंनी ते कंप्युटरवर टाइप केलं. "छान," म्हणाल्या, "मग आज कशासाठी आलात?" भाचीच्या लग्नाचा विषय काढायला पुढे काही वावच राहिला नाही.

आणि औषध? ॲम्स्टलव्हेनमधल्या कुठल्याही भारतीयाला विचारा, तो हसून एकच शब्द सांगेल. पॅरासिटामॉल. घसा दुखतो, पॅरासिटामॉल. कंबर धरली, पॅरासिटामॉल आणि चालत राहा. त्यासाठीही चिठ्ठी मिळत नाही, वाणसामानाच्या दुकानात बिस्किटांच्या पलीकडच्या कपाटात ते मिळतं. यावर आपल्या मंडळींचे विनोद ठरलेले आहेत आणि प्रत्येक भिशीत ते नव्याने सांगितले जातात. मीही सांगते. पण खरं बोलायचं तर ते थोडेसे अन्यायाचे आहेत. इथल्या हाउसआर्ट्सच्या संस्थेने १९८९ पासून एकेका आजारासाठी नियमावली काढायला घेतली, पहिली मधुमेहाची. कशाला औषध द्यायचं आणि कशाला मुळीच द्यायचं नाही, हे त्यात पुराव्यानिशी लिहिलेलं असतं. युरोपात सगळ्यात कमी अँटिबायोटिक वापरणाऱ्या देशांत हा देश आहे, तो उगीच नाही. आमच्या गल्लीत सर्दीलाही तीन रंगांच्या गोळ्यांची पुडी आणि एक इंजेक्शन मिळायचं, आणि ती सर्दी आठवड्यात बरी व्हायची. इथे काहीच मिळत नाही आणि ती सात दिवसांत बरी होते.

एवढी समज मला आली होती तोवर आई आली. नव्वद दिवसांच्या व्हिसावर, प्रवास विम्यासकट, आणि सोबत एक प्लास्टिकची पिशवी. त्या पिशवीत क्रोसिन, खोकल्याच्या दोन बाटल्या, पित्ताच्या गोळ्या, सुंठ, ज्येष्ठमध, अमृतांजन आणि 'लागलं तर असू दे' म्हणून अँटिबायोटिकचं एक पाकीट. आल्यावर तिला खोकला झाला. दोन आठवडे तिने पिशवीवर काढले, मग म्हणाली, "अगं, दाखव मला तुझ्या डॉक्टरीणबाईला. बघू तरी."

पाहुण्या पेशंटलाही इथे बघतात, फक्त पैसे जागेवर भरायचे. आई नवी साडी नेसून निघाली. मी मधे दुभाषी. बाईंनी नीट तपासलं, छाती पुढून-मागून ऐकली, श्वास मोजले, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला. मग खुर्ची आईकडे वळवून विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, हे कशामुळे असेल?"

मी भाषांतर केलं. आई माझ्याकडे बघत राहिली. "हे मी सांगायचं? मग पैसे कुणी कुणाला द्यायचे?"

मी बाईंना सांगितलं की आईला नक्की सांगता येत नाही. त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "आणि माझ्याकडून तुमची काय अपेक्षा आहे?"

"औषधाची," आई म्हणाली. हे भाषांतराशिवायच पोहोचलं.

बाई हसल्या. छाती स्वच्छ आहे, असा खोकला तीन-चार आठवडे राहू शकतो, मध घातलेलं गरम पाणी प्या, ताप आला, धाप लागली किंवा रक्त पडलं तर लगेच फोन करा, असं म्हणून त्यांनी कंप्युटरवर काहीतरी उघडलं, एक पान छापलं आणि आईच्या हातात दिलं. आई वाटभर बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मुलगी चांगली आहे. हात थंड नाहीत. पण जीभ बघितली नाही, आणि पुस्तकात बघून सांगते." त्या दिवसापासून तिने काढा दुप्पट केला. चौथ्या आठवड्यात खोकला थांबला. मध घातलेल्या पाण्याचा गुण की सुंठेचा, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. अँटिबायोटिकचं पाकीट मात्र न फोडताच मिरजेला परत गेलं. आईच्या लेखी हा तिचा संयम आहे.

शेजारच्या आजी हे सगळं ऐकून हसल्या होत्या. त्यांचे यजमान मागच्या हिवाळ्यात घरीच गेले. शेवटच्या दिवसांत हीच डॉक्टरीणबाई रोज येत होती, म्हणाल्या. सायकलवरून, कधी पावसात, कधी रात्री दवाखाना मिटल्यावर. वेदनेचं औषध हाताने द्यायची, स्वयंपाकघरात बसून आजींशी बोलायची, घड्याळ बघायची नाही. दहा मिनिटांचा हिशोब तिथे नव्हता. सर्दीला एक गोळी न देणारी बाई वेळ आली की स्वतःच येऊन बसते, हे मी आईला फोनवर सांगितलं. आई जरा थांबली. "मग हाताला गुण आहे तिच्या," म्हणाली. मिरजेत डॉक्टरला याच्या वरची पदवी नाही.

तेव्हा तुम्ही कुणी या बाजूला राहायला येणार असाल तर माझं ऐका. घर बघताना पडदे आणि ओटा नंतर बघा, आधी त्या पिनकोडला कुठला दवाखाना नवीन पेशंट घेतो ते विचारा. नाव ठणठणीत असताना नोंदवा, तापात नाही. संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी काही झालं तर आपला हाउसआर्ट्स नसतो, सगळ्यांचा मिळून एक सामाईक दवाखाना असतो. तिथे उठून जायचं नाही, आधी फोन करायचा. जिवावरचं असेल तर ११२. आत गेल्यावर "विशेष काही नाही" म्हणू नका. छातीत दुखतं ते पहिल्या वाक्यात सांगा, भाचीचं लग्न मला सांगा, मी ऐकेन. पिशवी आणा, पण अँटिबायोटिक घरीच ठेवा.

आणि आमच्या डॉक्टरीणबाईंचं नाव विचारू नका. त्यांची यादी भरली आहे.