मालकही तोच, नोकरही तोच

मिरजेत एका खोलीत भोपळा घासून सतार घडवणारा कारागीर सरकारदरबारी नेमका कोण, याचे उत्तर खिडकीगणिक बदलते. 'उद्यम' नोंदणीच्या खिडकीत तो उद्योजक. प्रमाणपत्र फुकट मिळते, आणि 1 एप्रिल 2025 पासून 10 कोटींपर्यंत उलाढाल असलेला कारखानदार आणि हा, दोघेही एकाच 'सूक्ष्म' वर्गात मांडीला मांडी लावून बसतात. जीएसटीच्या खिडकीत तो जवळपास संन्यासी. हाताने घडवलेल्या देशी वाद्यांवर कर नाही. पॉलिश आणि तारा आणताना भरलेला कर परत मागता येत नाही, पण संन्याशाने असले हिशेब धरू नयेत. विश्वकर्मा योजनेच्या खिडकीत मात्र तो सापडतच नाही. सप्टेंबर 2023 मध्ये निघालेल्या त्या योजनेच्या 18 व्यवसायांत बाहुल्या करणारा आहे, कुलपे करणारा आहे, वाद्ये करणारा नाही. पुढच्याच वर्षी मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकन मिळाले. सरस्वतीची वीणा बहुधा आयात केलेली असावी.

कर फार जड आहे, हे रडगाणे इथे गायचे नाही. ते खोटे ठरेल. साताऱ्यात कंदी पेढ्याचे एकट्याचे दुकान काढणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी नको. नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर पडत नाही. (नोकरदाराला वर 75 हजारांची प्रमाणित वजावट मिळते, ती याला नाही, पण तेवढ्यासाठी भांडण नको.) वह्या लिहायच्या नसतील तर कायदाच त्याचा नफा गृहीत धरतो: रोखीच्या विक्रीवर 8 टक्के, बँकेतून किंवा फोनवरून आलेल्या पैशावर 6 टक्के. खवा तोच, साखर तीच, पण क्यूआर कोड समोर ठेवला की पेढ्यातला नफा आटतो, हे पाकशास्त्रातले ताजे संशोधन म्हणावे लागेल. 30 लाखांची विक्री सगळी फोनवर झाली, तर गृहीत नफा 1 लाख 80 हजार.

गोम इथून सुरू होते. हा आकडा घेऊन तो कर्जाला गेला की बँक विवरणपत्रे चाळते आणि विचारते, एवढ्याशा कमाईवर हप्ते कसे फेडणार? म्हणून पुढच्या वर्षी तो 5 लाख दाखवतो. कर तेव्हाही शून्यच. पण कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांवर गेले की सरकारी योजनेतली घरची 'लाडकी बहीण' नावडती होते. ज्या आकड्यावर तिजोरीला एक रुपया मिळत नाही, तो आकडा दाखवण्याची किंमत त्याच्या घराने महिना 1500 रुपयांनी चुकवायची. यावर साहेबलोकांचे उत्तर तयार असते: खरे तेच दाखवा. बरोबर आहे, प्रत्यक्ष नफा गृहीत नफ्याहून जास्त असेल तर तोच दाखवावा, असे कायदाही म्हणतो. पण वह्यांतून सूट देऊन ज्याला अंदाजाने चालायची सवय कायद्यानेच लावली, त्याच्याकडून मग एक कचेरी आकडा वर ओढते, दुसरी खाली, आणि अप्रामाणिक म्हणून नाव त्याचे निघते.

एकट्याने धंदा करणाऱ्यालाही नोकरदारासारखी म्हातारपणाची तरतूद हवी म्हटले की येणारा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नोकरदाराचा भविष्यनिर्वाह निधी म्हणजे खैरात नव्हे. 12 टक्के तो भरतो, तेवढेच मालक भरतो. एकट्याने धंदा करणाऱ्याला मालकच नाही, मग दुसरा वाटा कोणाच्या खिशातून काढायचा? खरे तर मालक आहे, तो स्वतःच. पण त्याने स्वतःला पगार दिला तर आयकर कायदा तो खर्च मानत नाही, नफाच मानतो. शिवाय या दुसऱ्या वाट्याचा प्रश्न 2019 मध्ये सरकारने सोडवलाही होता: लघु व्यापाऱ्यांच्या मानधन योजनेत व्यापारी भरेल तेवढेच केंद्र घालते. 29 व्या वर्षी महिना 100 रुपये भरायला लागला की साठीनंतर महिना 3000. तेव्हा 29 वर्षांचा असलेल्याच्या हातात ते तीन हजार 2050 मध्ये पडतील. त्यात किती किलो पेढे येतील याची कल्पना न केलेली बरी. त्यातही आयकर भरणाऱ्याला दार बंद आणि चाळिशी ओलांडलेल्यालाही बंद. नोकरी सुटून पंचेचाळिशीत दुकान टाकणाऱ्याने वयाची अट वाचून परत फिरावे.

आता उरतो पैशाचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर सांगली जिल्ह्यातूनच निघालेले आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि तिच्या खर्चासाठी महाराष्ट्राने 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला. कमावत्याने भरायचे, बेकाराच्या हाताला काम मिळायचे, असा तो सरळ व्यवहार होता. जीएसटीत नोंद झालेला पेढेवाला आजही हा कर वर्षाला 2500 रुपये भरतो; आजारपणात महिनाभर त्याची कढई थंड पडली तर त्याला मात्र कसलीच हमी नाही. त्यातले 1000 रुपये त्याच्याच नावच्या आजारपणाच्या आणि म्हातारपणाच्या खात्यात वळवले, तर नवा कर बसवावा लागत नाही. तुझे उत्पन्न किती, हेही विचारावे लागत नाही; 2500 रुपये घेताना ते त्याला कोणी विचारलेलेच नसते.