मक्तेदारांचे वाङ्मय

मराठी वाङ्मयाचा ऱ्हास होत चालला आहे अशी जी ओरड विद्वज्जनांच्या सभांतून वर्षानुवर्षे ऐकू येते, ती करणाऱ्यांपैकी एकाचेही पाऊल जिल्ह्याच्या कचेरीसमोरील झेरॉक्सच्या दुकानांच्या रांगेत कधी पडलेले नसावे, अशी आमची खात्री आहे. कारण तेथे, मुद्रांकविक्रेत्याची पेटी आणि चहाची टपरी यांच्या मधोमध, ‘निविदा भरून मिळतील’ अशी पाटी लावलेल्या एका खोलीत, एक सर्वस्वी नवा वाङ्मयप्रकार निमूटपणे बहरत आहे आणि त्याची दखल ना संमेलनाने घेतली, ना विद्यापीठाने. हा प्रकार म्हणजे सरकारी इमारतींना खाजगी पहारेकरी पुरविण्याचा मक्ता मिळावा म्हणून गावोगावच्या मक्तेदारांच्या वतीने लिहिला जाणारा तांत्रिक प्रस्ताव.

या वाङ्मयाचा कर्ता बहुधा निवृत्त अव्वल कारकून असतो. त्याचा आश्रयदाता असतो तो कालपरवापर्यंत मंडप, जनरेटर किंवा पाण्याचे टँकर पुरवीत आलेला आणि २००५ च्या खाजगी सुरक्षा संस्थांविषयीच्या कायद्याखालील परवाना नुकताच पदरात पडलेला एखादा उद्यमशील गृहस्थ. “सर, उपजिल्हा रुग्णालयाचं निघालंय. उद्या तीनपर्यंत मुदत आहे. एवढं बसवून द्या,” असे म्हणत तो आत येतो, आणि सर चष्मा कपाळावर सारून अनुभवाचा दाखला, उलाढालीचे प्रमाणपत्र, भविष्य निर्वाह निधीची चलने, बयाणा रक्कम, काळ्या यादीत नाव नसल्याचे प्रतिज्ञापत्र या सर्वांची झडती घेऊन अखेर विचारतात, “शेठ, फर्म वहिनींच्या नावावर ना? मग डिजिटल सहीची डोंगल वहिनींची लागेल. ही तुमची चालायची नाही.” शेठ मोटारसायकलीवरून घरी पिटाळले जातात, आणि त्या अवधीत सरांची प्रतिभा जागृत होते.

त्या प्रतिभेचे आलंबन खुद्द शासनानेच पुरविले आहे. केंद्राच्या २००६ च्या आदर्श नियमांनी रक्षकाची जी मूर्ती कल्पिली आहे, तिची उंची १६० सेंटिमीटर, छाती ८० आणि फुगवून आणखी ४; ती एक किलोमीटर अंतर सहा मिनिटांत धावून जाते आणि तिने १०० तास वर्गात व ६० तास मैदानावर शिक्षण घेतलेले असते. सरांच्या हाती पडल्यावर या मूर्तीस ‘त्रिस्तरीय सुरक्षाकवच’, ‘सदैव सज्ज शीघ्र प्रतिसाद पथक’ आणि ‘धोक्यांचे शास्त्रशुद्ध विश्लेषण’ असे अलंकार चढतात, आणि पान सत्तावनवर एका जर्मन शेफर्ड कुत्र्याचे रंगीत छायाचित्रही झळकते. प्रत्यक्षात ज्यास त्या दारावर उभे राहावयाचे असते, तो कायद्याने घातलेल्या पासष्टीच्या मर्यादेशी लपंडाव खेळणारा, काठी स्वतःची आणि शिट्टी मागच्या मक्तेदाराची असा एक गृहस्थ असतो. दिवसभर तो स्ट्रेचर ढकलतो, केसपेपरची रांग लावतो, वॉर्डातली कुत्री हाकलतो आणि नातेवाइकांचा जमाव खवळला की सर्वांच्या आधी औषधभांडाराच्या दाराआड होतो, जे त्याच्या पगाराकडे पाहता अगदी रास्तच म्हणावे लागेल. मक्तेदार बदलला तरी हा माणूस बदलत नाही. बाहीवरचा जुना बिल्ला उसवून नवा शिवला की सत्तांतर पूर्ण होते. राज्यात सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखालील मंडळे आहेत, २०१० च्या कायद्याने आलेले राज्य सुरक्षा महामंडळही आहे. तरीही तालुक्याच्या दारावरचा पहारा पुष्कळदा निविदेच्याच वाटेने जातो.

आता या वाङ्मयाचा खरा मोठेपणा कशात आहे ते सांगतो. प्रस्ताव कितीही सरस उतरला तरी त्यामुळे मक्ता मिळत नाही. पहिला लिफाफा पात्र ठरण्यापुरता. निकाल लावतो तो दुसरा, दराचा. त्यातही वेतन किमान वेतनाच्या अधिसूचनेने ठरलेले, भविष्य निर्वाह निधीचे १३ आणि राज्य विम्याचे ३.२५ टक्के ठरलेले, वस्तू व सेवा कराचे १८ टक्के ठरलेले. मक्तेदाराच्या हाती उरते ते केवळ स्वतःचे सेवाशुल्क, आणि ते शून्य लावून देशसेवा करू इच्छिणाऱ्यांची एके काळी इतकी झुंबड उडाली की अर्थमंत्रालयाच्या व्यय विभागास २८ जानेवारी २०१४ रोजी शून्य मोबदल्याची निविदा विचारात घेऊ नये असे फर्मावणे भाग पडले. तेव्हा शून्याची जागा पैशाने घेतली. पुढे ‘जेम’ या सरकारी ऑनलाइन बाजारात मनुष्यबळाच्या कामांस ३.८५ टक्क्यांची किमान पायरी घालून देण्यात आली, तेव्हा सर्वांनी एकमताने ३.८५ भरले. सर्वांचाच दर न्यूनतम ठरल्यावर संगणक यदृच्छया एकाचे नाव उचलतो, आणि तो कुत्र्याचे छायाचित्र पाहत नाही. दहा लाखांच्या वेतनावर हे शुल्क ३८,५०० रुपये होते. त्यातून गणवेश, बँक हमी आणि अनुदान येईपर्यंतचे पगार भागवावयाचे, हे गणित कागदावर सुटत नसल्यामुळे तीन पाळ्यांच्या हजेरीपटावर दोन पाळ्यांची माणसे नांदू लागतात. असो. फडके आणि खांडेकर यांच्या नावांनी गाजलेला ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद ज्या खोलीत निर्णायकपणे मिटला, तिच्या दारावर अद्याप कोणी स्मृतिफलकही लावला नाही, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

अर्थात कला म्हटली की पूर्वसूरींचे ऋण आलेच. मराठवाड्यातील एका रुग्णालयाच्या प्रस्तावात सरांनी एका बंदराच्या जुन्या निविदेतील परिच्छेद जसेच्या तसे उतरविले, आणि ‘दक्षिणेकडील धक्क्यावर भरती-ओहोटीच्या वेळी सशस्त्र गस्त’ ही हमी त्यांत राहून गेली. मूल्यमापन समितीने पैकीच्या पैकी गुण दिले. संगणकानेही नेमके हेच नाव उचलले. आणि प्रस्ताव हा करारनाम्याचा अविभाज्य भाग समजावा, या नित्याच्या कलमामुळे धक्क्यावर शिक्कामोर्तब झाले. वर्षभराने लेखापरीक्षकांनी विचारणा केली की, धक्क्यावरील गस्तीची नोंदवही आढळून येत नाही, सबब देयकातून वसुली का करण्यात येऊ नये? शेठ घाबरेघुबरे होऊन पुन्हा त्या खोलीत आले. सरांनी चष्मा कपाळावर सारला, क्षणभर विचार केला आणि लिहिले की, सदर धक्का अहवालकाळात संपूर्णतः पाण्याविना असल्याने गस्तीची आवश्यकता उद्भवली नाही. हा खुलासा ग्राह्य धरून आक्षेप निकाली काढण्यात आला. खुलाशाचे वेगळे पडतात, हे सरांनी शेठना आधीच सांगून ठेवले होते.