सीएचपीवाले काकाजी

नागपूरजवळच्या खापरखेड्यात सकाळी पिशवी घेऊन निघालेले काकाजी कोणत्या खात्यातून रिटायर झाले, हे विचारावं लागत नाही. त्यांना एखादी वस्तू इकडची तिकडे करायला सांगायची. ऑफिसात आयुष्य गेलं असेल तर ते ती ‘फॉरवर्ड’ करतात, स्टोअरमध्ये गेलं असेल तर सहीशिवाय ‘इश्यू’ करत नाहीत. आणि ‘कन्व्हे करू का स्टॅक?’ असा उलटा प्रश्न आला, तर समजायचं, माणूस सीएचपीतला!

सीएचपी म्हणजे कोल हँडलिंग प्लांट. इथल्या सध्याच्या वीज केंद्राचा पहिला संच १९८९ साली सुरू झाला. आता २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक, मिळून १३४० मेगावॅट. या पाच तोंडांना दिवसरात्र कोळसा पुरवायचा, हे सीएचपीचं काम. तिथे कोळसा ‘आणला’ किंवा ‘नेला’ म्हणणारा माणूस नवखा ठरतो. मालगाडीची वॅगन आधी ‘प्लेस’ होते. मग टिपलर तिला घट्ट धरतो आणि अख्खीच्या अख्खी उलटी करतो. साठेक टन कोळसा धडाडधूम करत हॉपरमध्ये. हे झालं ‘टिपल’. पुढे पट्ट्यावरून ‘कन्व्हे’, क्रशरमध्ये तुकडे, लगेच नको असेल तर यार्डात ‘स्टॅक’, हवा तेव्हा तिथून ‘रिक्लेम’, आणि बंकरमधून मिलला ‘फीड’. मिलमधली बारीक भुकटी गरम हवेच्या झोतावर बॉयलरमध्ये जाते. आपल्याकडच्या शंभर टन कोळशामागे तीस-चाळीस टन राखड उरते. ती ‘इव्हॅक्युएट’ करायची. तयार झालेली वीज ‘ट्रान्समिट’ होते, पण २००५ साली विद्युत मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि ते काम महापारेषणकडे गेलं, म्हणून काकाजी त्या क्रियापदाला हात लावत नाहीत. दुसऱ्याच्या हद्दीत बोट घालणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

नोकरीत हे सगळं शोभून दिसतं. पंचाईत होते ती रिटायरमेंटनंतर, कारण पट्टा सुटतो पण शब्द घरी येतात. काकूंनी कोठीतून गहू काढले की ते ‘रिक्लेम’. सुनेनं ताटात पोळी वाढली की ‘फीड’, आणि दोन पोळ्यांच्या मध्ये जरा वेळ गेला की ‘फीडर ट्रिप झाला का?’ पाहुणे उतरले की ‘रेक लागली’. ठरल्या वेळेत वॅगन रिकाम्या झाल्या नाहीत तर रेल्वे डेमरेज लावते. त्याच हिशेबानं चौथ्या दिवशीही न हललेल्या साळ्याला काकाजी गंभीरपणे सांगतात, ‘भाऊ, आता डेमरेज चालू झालं.’ साळा हसतो. काकाजी हसत नाहीत.

मुलगा पुण्यात, हिंजवडीला. त्याचं सगळं एकाच शब्दात भागतं. घर शिफ्ट केलं, मीटिंग शिफ्ट केली, सोफा शिफ्ट केला. काकाजींना ही भाषेची उपासमार वाटते. ‘शिफ्ट चारच,’ ते फोनवर बजावतात, ‘ए, बी, सी आणि जनरल. सोफ्याले कुठून शिफ्ट आली बे?’ खरं तर या भांडणात बाजू काकाजींचीच घ्यावी लागेल. यार्डातला कोळसा मिलमध्ये ‘शिफ्ट करा’ एवढंच कोणी सांगितलं, तर कोणता पट्टा सुरू करायचा हे कुणाला कळणार?

मे महिन्यात अशाच एका घरी समोरच्या खोलीतला कूलर आत न्यायचं ठरलं. नागपुरातला लोखंडी कूलर म्हणजे लहानसं घरच. दोन पोरं त्याला हात घालणार, तेवढ्यात काकाजी कडाडले, ‘पह्यले परमिट!’ प्लग काढला, स्वतःच्या खिशात ठेवला, मग काम सुरू करायला परवानगी. दाराच्या चौकटीत कूलर अडकला. ‘शूट चोक,’ काकाजी म्हणाले. पावसाळ्यात ओला कोळसा शूटमध्ये, म्हणजे वरून खाली घसरायच्या नळीत, असाच बसतो आणि तो सळईनं टोचून मोकळा करावा लागतो, हेही त्यांनी सांगितलं, आणि सळई शोधायला निघाले.

‘मामाजी, ढकलून देऊ का?’ सुनेनं विचारलं.

‘ढकलणं ऑपरेशनमध्ये नाही.’

‘काहून, ढकला ना बाप्पा!’ काकू आतून ओरडल्या. पोरांनी ढकलला. टाकीत पाणी आहे, हे तपासायचं मात्र परमिटमध्ये राहून गेलं होतं. बूच निघालं आणि पाणी थेट दिवाणाखाली.

‘डिस्चार्ज झालं,’ काकाजींनी नोंद घेतली.

काकू बाहेर आल्या. पाणी पाहिलं, काकाजींना पाहिलं, आणि वायपर त्यांच्या हातात दिला. ‘मंग करा आता इव्हॅक्युएट.’