कामावरून कमी केलेल्या ‘ई’स अनावृत पत्र

प्रिय ई,
स. न. वि. वि.

२६ नोव्हेंबर २०२४ला महिंद्राने चाकणची विजेवर चालणारी ‘बीई ६ई’ लोकांपुढे आणली आणि ७ डिसेंबरला तुला घरी बसवून गाडीचं नाव नुसतं ‘बीई ६’ केलं. आमच्या भोसरीतल्या कंत्राटी पोरालासुद्धा ब्रेक देण्याआधी सहा-सात महिने राबवून घेतात रे!

तुझा गुन्हा एवढाच की तू सहाच्या शेजारी उभा राहिलास. ‘सिक्स ई’ हा इंडिगोच्या विमानांचा कोड. त्यांनी दिल्ली उच्च न्यायालय गाठलं. महिंद्राचा अर्ज होता वाहनांच्या १२व्या वर्गात. विमानप्रवास बसतो ३९व्यात. ट्रेडमार्कचे वर्ग ४५, आणि शाळेसारखीच एका नावाची दोन पोरं वेगवेगळ्या वर्गांत सुखाने बसू शकतात. मात्र एखाद्याचं नाव देशभर गाजलेलं असेल आणि दुसरा त्याचा फुकटचा फायदा उठवत असेल, तर ट्रेडमार्क कायद्याचं कलम २९(४) गाजलेल्याला परक्या वर्गात शिरूनही भांडू देतं.

गंमत म्हणजे ‘इंडिगो’ नावाची गाडी टाटांनी पिंपरीतून २००२मध्ये काढली; विमानं उडाली २००६मध्ये. टाटांनीही विमानांच्या त्या नावाला हरकत घेतली होती, याची आठवण महिंद्राने जाहीरपणे करून दिली. दावा लढवू म्हणाले, आणि तरी तुला काढलं. निकालाची वाट पाहत बुकिंग थोडंच थांबवता येतं? तुझा भाऊ मात्र ‘एक्सईव्ही ९ई’वर अजून ड्युटीवर आहे. तो नऊच्या शेजारी उभा, हेच त्याचं कर्तृत्व.

तू भोसरीत ये. इथे काही कल्पक मंडळी बड्या कंपनीच्या नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे करून क्लच प्लेटचा खोका छापतात, नोंदणी नसताना गोलातला ‘आर’ ठोकतात आणि खाली लिहितात ‘देशात नंबर १’. पुरावा शेजारच्या गाळ्यात विचारावा. तसा ‘आर’ लावायला कायद्याची बंदी आहे. खोट्या ट्रेडमार्कला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. पण कायदे मोठ्यांसाठी असतात, अशी इथली ठाम श्रद्धा.

आपलं नाव दुसऱ्याचं तर नाही ना, हे ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी वर्गामागे ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. एवढी उधळपट्टी कोण करणार? गल्लीतल्या कुठल्या तरी दादाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा खर्च तोंडावर आलेला असतो.

तेव्हा नि:शंक ये. येताना ओळखपत्र आणू नकोस; इथे नावाला ते विचारायची पद्धत नाही.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक गाळेवाला