सरासरी चुकलेल्या ऊसवाल्याच्या वतीने शाखाधिकाऱ्यांस

मा. शाखाधिकारी साहेब,
बारामती शाखा



आपल्या शाखेने इंदापूर तालुक्यातल्या एका ऊसवाल्याच्या खात्यातून गेल्या महिन्यात दंड कापला. गुन्हा एवढाच, की खात्यात महिन्याची किमान सरासरी शिल्लक राहिली नाही. खातं त्याने हौसेने उघडलेलं नव्हतं. ट्रॅक्टरचं कर्ज हवं तर खातं आमच्याकडेच, हा आग्रह आपल्याच शाखेचा. तो विचारायला आला तेव्हा आपण हसून म्हणालात, "काका, आम्ही नाही कापत, सिस्टिम कापते." सिस्टिमचं अभिनंदन करावं तेवढं थोडं. कारखान्याची ऊसतोड टोळी फडात यावी म्हणून शेतकरी तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयच्या मागे आठवडेच्या आठवडे फिरतो. आपल्याकडची तोड मात्र न बोलावता, तारखेला हजर.

आता ही सरासरी म्हणजे काय? रोज रात्री खात्यात उरलेले पैसे मिळवायचे आणि महिन्याच्या दिवसांनी भागायचे. साडेसात हजारांची सरासरी हवी असेल, तर तीस दिवसांच्या महिन्यात एकच दिवस सव्वादोन लाख ठेवले आणि उरलेले एकोणतीस दिवस खडखडाट असला, तरी नियम पाळला जातो. उलट महिनाभर इमानेइतबारे सात हजार ठेवणारा दोषी. साडेसात हजार हा आकडा हवेतला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने नव्या खात्यांसाठी महानगरांत ५०,००० आणि अर्धशहरी भागात २५,००० रुपयांची अट घातली, ओरड झाली, आणि पंधरवड्याच्या आत ती १५,००० व ७,५०० वर आली. दहा हजारांच्या वर आणि एक लाखाच्या आत लोकसंख्या म्हणजे अर्धशहरी. विकासाचं मॉडेल म्हणून देशभरातून लोक बघायला येतात ती बारामती आणि शेजारचं इंदापूर, दोन्ही बँकांच्या वहीत अर्धशहरी. बारामतीकरांना हे कोणी सांगू नये.

पण साहेब, खरं दुखणं दुसरंच आहे.

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. कारखाना माळेगाव असो, सोमेश्वर असो, भवानीनगरचं छत्रपती असो की बिजवडीचं कर्मयोगी, बिल येतं ते तोड झाल्यावर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याजासकट. ते व्याज किती जणांच्या पासबुकात उमटलं हे आपणच तपासून पाहावं. आलेल्या बिलातून सोसायटीचं कर्ज आधीच वळतं होतं. हातात उरलेले, समजा, तीन लाख खात्यात पंधरा दिवस राहतात. मग खत, मजुरी, पोरांच्या फिया, लग्नाचं देणं. बाकीचे महिने घर चालतं ते दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावर, तोही पेंडीचे पैसे कापून. त्या तीन लाखांची नुसती वर्षाची सरासरी काढा: बारा हजार तीनशेच्या वर. साडेसात हजारांची अट त्याने हसत पार केली. नापास झाला तो फक्त आपल्या महिन्यात.

उसाचं वर्ष बँकेला कळत नाही, असंही नाही. कर्ज देताना सगळं कळतं. ट्रॅक्टरचे हप्ते सहामाही लावले जातात. पीककर्ज थकीत कधी धरायचं हे रिझर्व्ह बँकेने पिकाच्या हंगामावर ठरवलंय, आणि वर्षाहून लांब हंगामाच्या पिकाला दीर्घ मुदतीचं पीक असा वेगळा रकानाही दिलाय. घेणं असलं की ऊस अठरा महिन्यांचा, ठेवायचं असलं की तीस दिवसांचा!

आणि ज्याच्या खात्यात एक तारखेला न चुकता पगार येतो, त्याला किती शिल्लक ठेवावी लागते? शून्य. एमआयडीसीतल्या कामगाराचं पगार खातं शून्य शिलकीचं, ते असावंच. आपलंही तसंच असणार. ज्याला महिना कळतो त्याला महिन्याची अट नाही, आणि ज्याचा पैसा महिन्याने चालतच नाही त्याला आहे. हा नियम कोणत्या डोक्यातून निघाला?

दंडाचा दरही बघा. आयसीआयसीआय बँकेने जाहीर केलेल्या दराने तुटीवर सहा टक्के किंवा पाचशे रुपये, यांतलं जे कमी ते, वर जीएसटी. महिन्याला सहा म्हणजे वर्षाला बहात्तर टक्के, तेही न घेतलेल्या कर्जावर. स्टेट बँक बचतीवर अडीच टक्के देते. व्याजावरून आठवलं: आपल्या बारामती तालुक्यातच सुपे आहे. मे १८७५ मध्ये तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, दंगा पुणे-नगरभर पसरला आणि इंग्रज सरकारला १८७९ मध्ये कायदा करावा लागला. घाबरू नका. आता वही सर्व्हरवर असते, आणि तो सर्व्हर कुठे आहे हे आपल्यालाही माहीत नाही.

सरकारी बँकांनी तरी काय वेगळं केलं? २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं गेलं की पाच वर्षांत त्यांनी या दंडातून सुमारे ८,५०० कोटी गोळा केले. स्टेट बँकेने २०२० मध्ये तो सोडला; कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा यांना २०२५ उजाडावं लागलं. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर २०२५ मध्ये म्हणाले, किमान शिल्लक किती हे ज्याची त्याची बँक ठरवेल.

आपली अवस्थाही दिसते, साहेब. टेबलावर ठेवींचं टार्गेट, संध्याकाळी वरिष्ठांचा व्हिडिओ कॉल, घर कुठल्या कुठे, आणि समोर रोज कोणीतरी काका. दंड माफ करायचा अधिकार आपल्या खुर्चीला नाही, शिव्या खायचा तेवढा आहे. ज्यांनी अट लिहिली ते फडात कधी उतरणार नाहीत, आणि आपल्याला दोन-तीन वर्षांत बदली होईपर्यंत त्यांच्या वतीने हसावं लागणार.

तरीही दंडाबाबतचे रिझर्व्ह बँकेचे नियम आपल्याला लागू आहेतच. तूट पडली तर आधी कळवायचं, भरून काढायला महिना द्यायचा, आणि नुसत्या दंडापायी खातं शून्याखाली जाऊ द्यायचं नाही. ती सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर गेली, हे लेखी द्यावं. सोबत दुसरा अर्ज जोडला आहे: हे खातं किमान शिलकीची अट नसलेल्या मूलभूत बचत खात्यात बदलून मिळावं. महिन्याला चार वेळा तरी विनाशुल्क पैसे काढता येतात, तेवढे पुरे. काढायला असतात कुठे?

दोन्ही अर्जांची पोच सही-शिक्क्यानिशी द्यावी. काका बाहेरच्या बाकावर बसले आहेत.

आपला,
एक खातेदार