बिनसमुद्राचा बीच

‘बीच’ म्हटल्यावर बायकोने चटई काढली, यात तिची काही चूक नव्हती. मुलगा आदल्या रात्री जेवताना एवढंच म्हणाला होता, “उद्या बर्नहॅम बीचेसला जाऊ.” तळोज्याचा माणूस बीचला जातो तो अलिबागला, नाहीतर काशीदला, आणि जाताना चटई, टॉवेल, कपड्यांचा जादा जोड आणि ओले कपडे कोंबायला चार पिशव्या नेतो. इथे तर बीच अनेकवचनी होता. तिने दोन जोड घेतले.

वीस मिनिटांत गाडी थांबली आणि समोर झाडं. नुसती झाडं. ही थोडा वेळ झाडांच्या फटींतून पलीकडे समुद्र दिसतो का ते बघत राहिली. शेवटी सूनबाईने उलगडा केला की बीच हे झाडाचं नाव आहे.

“आई, स्पेलिंग वेगळं असतं.”

“बोलताना स्पेलिंग ऐकू येतं का कुणाला?” हिने विचारलं. या प्रश्नाला इंग्रजांकडेही उत्तर नसावं.

मुलगा राहतो स्लाउ नावाच्या गावात. तळोज्यात मी ‘लंडनजवळ’ एवढंच सांगतो. तळोजाही मुंबईजवळच आहे, हे आमचे शेजारी जाणून असल्यामुळे कोणी खोलात शिरत नाही. पण तिथे गेल्यावर कळलं की स्लाउची औद्योगिक वसाहत थेट १९२० सालची. पहिल्या महायुद्धातल्या लष्करी गाड्यांच्या दुरुस्तीची जागा होती, ती विकली गेली आणि तिथे कारखाने उभे राहिले. मार्स चॉकलेटचा बार १९३२ साली याच गावात जन्मला. १९३७ साली जॉन बेट्जमन या कवीने तर या गावावर बॉम्ब मागवणारी कविताच छापली. तळोज्यावर एवढी मेहनत अजून कोणी घेतलेली नाही. आमची जगभर बातमी झाली ती २०१७च्या ऑगस्टमध्ये, रंगाने निळी झालेली भटकी कुत्री दिसली तेव्हा. मुलाचा त्या दिवशी खास फोन आला होता, “बाबा, आपला वाघ्या कसा आहे?” म्हटलं, “पांढराच आहे. तो कामाला जात नाही.” थोडक्यात, एमआयडीसीत वाढलेलं पोर सातासमुद्रापलीकडे गेलं आणि पुन्हा एमआयडीसीतच जाऊन पडलं.

मी स्वतः एकतीस वर्षं बॉयलर अटेंडंट. पुढे पुढे हुद्द्याचं नाव बदललं, काम तेच. पाण्याची पातळी बघायची, स्टीमचं प्रेशर बघायचं, लॉगबुक भरायचं आणि कान उघडे ठेवायचे. शेवटची गोष्ट नियमावलीत नसते, पण नोकरी तिच्यावरच चालते. रात्रपाळीला खुर्चीत डोळा लागला तरी कान ड्युटीवर असतात. फॅनची घरघर, फीड पंपाचा ठोका, पलीकडे कॉम्प्रेसर लोड घेतो आणि सोडतो, हे सगळं चालू असेपर्यंत झोपायला हरकत नाही. पण पहाटे पावणेतीनला सगळं एकदम गप्प झालं, की माणूस खुर्चीतून उभाच राहतो. प्लांट ट्रिप झालेला असतो. मग फोन, धावपळ, साहेब, आणि साहेबांचे साहेब.

त्यामुळे शांतता या वस्तूविषयी माझं मत पहिल्यापासून वाईट आहे. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो. मध्यरात्री सगळीकडे सामसूम झाल्याबरोबर मी अंथरुणात ताडकन उठून बसलो आणि ओरडलो, “कोणी बंद केलं?” हा प्रसंग ही अजून बारशापासून बाराव्यापर्यंत कुठेही सांगते.

निवृत्तीनंतर निसर्गात जावं म्हणतात. आम्ही जातो की. पनवेलच्या पुढे दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळा आहे. तिथलं पक्षी अभयारण्य १९६८ सालचं, आता क्षेत्र बारा चौरस किलोमीटरच्या वर. पण कर्नाळा मला आवडतो तो वेगळ्याच कारणाने. त्याच्या मधून मुंबई-गोवा महामार्ग जातो. आपण शामा नावाच्या पक्ष्याची शीळ ऐकत उभे असतो, आणि त्याच वेळी खाली घाटात एखादा ट्रेलर गिअर बदलतो. शिळेत एक खंड पडत नाही. पक्ष्यानेही तीन पाळ्यांत काम केल्यासारखं वाटतं.

स्लाउला मात्र पहिल्या रात्रीपासून हाल. खिडक्यांना दुहेरी काचा. बाहेर रस्ता दिसतो, पण ऐकू येत नाही. मी दोन रात्री तळमळलो. तिसऱ्या रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि फ्रिज सुरू झाला. तिथली वीजही आपल्यासारखीच ५० हर्ट्झची, म्हणून त्याची गुणगुण थेट आमच्या घरच्या फ्रिजच्या पट्टीत. सकाळी सूनबाईला मी फ्रिजला टेकून, खुर्चीत, घोरताना सापडलो. तिने नवऱ्याला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. सासऱ्याला मधुमेह आहे का आणि रात्री गोड खायला उठतात का, असं असावं.

तर अशा माणसाला मुलाने शांत रानात नेऊन सोडलं. “बाबा, इथे काही करायचं नाही. नुसतं चालायचं.”

बाकी रान आहे मोठं देखणं. एप्रिल सरत आला होता. बीचला नुकती पालवी फुटलेली, इतकी पातळ की ऊन तिच्यातून गाळून खाली येतं. मधल्या काही झाडांकडे बघून मात्र मी थबकलो. बुंधा असा की चार माणसांनी कवेत घ्यावा, आतून पोकळ, आणि पुरुषभर उंचीवर एकदम दहा-बारा फांद्या फुटलेल्या. मुलगा सांगू लागला की ही झाडं शेकडो वर्षांची आहेत, पूर्वी जळणासाठी लोक ती डोक्याच्या उंचीवर छाटायचे, म्हणजे नवा फुटवा गुरांच्या तोंडी लागत नसे. छाटल्यामुळेच ती एवढी जगली. मी म्हटलं, अरे, हे तर आपले ऐन! आमच्या गावी, रोह्याकडे, भाताच्या राबासाठी ऐनाचा टहाळ असाच दरवर्षी तोडायचे. बांधावरचे सगळे ऐन असेच बोडके आणि बुटके. माझा आजा कोयता घेऊन ऐनावर चढायचा. फरक इतकाच की या झाडांभोवती आता कुंपण आहे आणि माहिती सांगणारी पाटी आहे. आजाच्या ऐनांखालून प्लॉटिंगची पाटी निघाली.

तसं हेही रान बंगल्यांखाली जायचंच होतं. विकायला काढलं तेव्हा जाहिरातीत उत्तम घरं बांधायला योग्य जागा असंच लिहिलं होतं म्हणे. मग लंडनच्या कॉर्पोरेशनने १८८० साली ते विकत घेऊन लोकांना फिरायला मोकळं ठेवलं. शहरापासून चाळीस किलोमीटरवरचं रान! स्वतःच्या हद्दीबाहेर जाऊन झाडं विकत घेणारी महापालिका, हे वाक्य मी मुलाला दोनदा म्हणायला लावलं.

इथे गाईसुद्धा चरायला सोडतात. त्यांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा असतो. कुंपण दिसत नाही, पण गाय हद्दीजवळ गेली की पट्टा वाजायला लागतो, तरी पुढे गेली तर हलकासा झटका. ही म्हणाली, “काय बाई शोध एकेक!” आणि माझ्या गळ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

अर्ध्या तासाने आम्ही रानाच्या मधोमध पोचलो, आणि ते झालं. वारा पडला. कुत्री फिरवणारे लोक मागे राहिले. सगळं गप्प. माझ्या पोटात खड्डा पडला. हात आपोआप खिशाकडे, खिशात फोन, पण फोन करणार कोणाला? जंगल ट्रिप झालंय, असं कळवायला इथे शिफ्ट इनचार्ज कोण असतो? घाम आला. मुलगा म्हणाला, “किती छान वाटतंय ना, बाबा?” मी मान डोलावली आणि झाडाला धरून उभा राहिलो.

तेवढ्यात नातीने हात ओढला. ती सहा वर्षांची, आणि तिच्या शाळेत मुलांना आठवड्यातून एकदा रानात नेऊन बसवतात. “आजोबा, आता गेम. डोळे बंद. एक मिनिट. जितके साउंड, तितकी बोटं.”

हे काम माझ्या ओळखीचं होतं. आम्ही चटईवर बसलो (समुद्र नसला तरी चटई लागतेच, हे हिने लगेच ऐकवलं). मिनिट संपलं. मुलाची तीन बोटं, सूनबाईची चार, नातीची पाच. माझी दहा झाली आणि पुरली नाहीत.

“खोटं!” नात म्हणाली.

मग मी यादी दिली. हीथ्रोवरून उठलेलं विमान, दोन इंजिनांचं. उजवीकडे लांब हायवे, आवाज एकसारखा, म्हणजे गाड्या अडकलेल्या नाहीत. कुत्र्याच्या पट्ट्याला लावलेला बिल्ला. पाचोळ्यात काहीतरी, उंदरापेक्षा मोठं, मांजरापेक्षा लहान. दोन निरनिराळे पक्षी. मुलाच्या बुटाचं करकरणं. सूनबाईच्या हातातलं घड्याळ. आजी चिवड्याची पिशवी चोरून उघडत होती तो आवाज. वर कुठेतरी सुतारपक्षी, झाडावर ठोका देतोय, बेअरिंग गेलेल्या मोटारीसारखा.

“आणि अकरावा?”

“अकरावा माझ्या कानात आहे,” मी म्हटलं. “शिट्टी. बॉयलर बंद केला तरी ती बंद होत नाही.”

डॉक्टरांनी तिला लांबलचक नाव दिलं आहे. कामावर कानात बोळे घालायचे असतात, ते आम्ही खिशात घालायचो. पण नातीला हे कारण पुरेसं नव्हतं. तिने माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं, स्वतःचा कान माझ्या कानाला लावला आणि श्वास रोखून बसली. तो इवलासा कान थंडगार होता. आम्ही दोघं तसेच राहिलो. बराच वेळ.

“नाही येत,” ती शेवटी म्हणाली. “आजोबा, ती फक्त तुझीच आहे.” आणि मग हिशोबी चेहऱ्याने, “पण मी काउंट करते. इलेव्हन.”

मग चिवडा. पातळ पोह्यांचा चिवडा इंग्लंडच्या रानात खाऊन बघावा. पहिल्याच घासाला झाडावरून तीन पक्षी उडाले. वाटेने एक वृद्ध जोडपं आलं, “मॉर्निंग” म्हणालं. हिने पिशवी पुढे केली. ते थँक यू म्हणाले, घेतला नाही, पण पन्नास पावलं गेल्यावर बाई एकदा वळून बघत होत्या. हिचं ठाम मत आहे की अजून एकदा आग्रह केला असता तर घेतला असता.

माणसं बोलत होती, चिवडा वाजत होता, वर ठोका चालू होता. मी चटईवर आडवा झालो. पुढचं मला आठवत नाही. मुलाने माझ्या घोरण्याचं रेकॉर्डिंग केलेलं आहे. त्यात मागे रानाचा एकही आवाज ऐकू येत नाही.

मे महिन्यात परत आलो. तळोज्यात दुसऱ्याच रात्री वीज गेली. पंखा थांबला, पंप थांबला, लिफ्ट थांबली, आणि माझ्यासकट सगळी बिल्डिंग गॅलरीत येऊन उभी राहिली. लांबून दिवा-पनवेल मार्गावरची मालगाडी गेली तेव्हा जरा बरं वाटलं. वीज आली ती उजाडताना. मी अजून गॅलरीतच होतो. कंपाउंडच्या गुलमोहरावर तांबट सुरू झाला होता. टुक, टुक, टुक. मिनिटाला शंभराच्या आसपास, फीड पंपासारखा एकसुरी.

“अहो, काय ऐकताय एवढं?” आतून ही म्हणाली.

“काही नाही. चालू आहे.”

“मग झोपा.”